आडावरची काठी

मढ, ४ मार्च

संयमशेठ,

नमस्कार. पत्ता तुमच्या वडिलांकडून घेतला. खेमचंदशेठच्या दुकानात आम्ही माझ्या आज्यापासून हिरडा घालतो, त्यामुळे ओळख जुनी. शेठ म्हणाले, "फोन तो आमचाही उचलत नाही. कागद लिही, कागद वाचतो तो." म्हणून लिहायला बसलो आहे.

मी गोरख. रत्नाचा नवरा. जुन्नरच्या कॉलेजात तुमच्या वर्गात होती ती रत्ना. तुम्हाला आठवत नसेल असं लिहिणार होतो, पण तुमचं 'पाण्यातला उंबरा' वाचल्यावर ती सोय राहिली नाही.

सरळ मुद्द्यावर येतो. माझी मुलगी आरती नववीत आहे. मराठी भाषा दिनाला जुन्नरला काव्यवाचनाची स्पर्धा झाली, तिथे तिने तुमच्या खंडकाव्याचा शेवट म्हटला. शाळेतल्या बाईंनी निवडून दिला होता. बाई नव्या आहेत, संगमनेरकडच्या, त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक नाही. पोरगी गोठ्यात, चुलीपुढे, अंघोळीच्या पाण्याला जाळ घालताना तेच म्हणत होती. मीही ऐकत होतो. धरणाखाली गेलेल्या वाडीतली सावळी. जुन्या घराच्या उंबऱ्याशी तिला तिचा पहिला प्रियकर दिसतो, आणि पाणी चढत असताना ती हातात दिवा घेऊन त्याच्याकडे निघून जाते. मी मनाला म्हटलं, धरणं काय गावोगाव आहेत. माणूस मनाला काहीही पटवतो.

आरतीचा पहिला नंबर आला. ढाल घेऊन ती खाली उतरली तेव्हा एक मुलगी कौतुकाने तिच्यापाशी आली. तुमची पुतणी सिद्धी. पोरगी चांगली आहे, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, "माझ्या काकांनी लिहिलंय हे. आणि गोष्ट खरी आहे बरं का, तुमच्या मढचीच. काकांच्या कॉलेजातली मुलगी होती, लग्न झाल्यावर धरणात गेली."

आरतीची आई गेली तेव्हा आरती बालवाडीत होती. मढला दिलेली, जुन्नरच्या कॉलेजात शिकलेली, धरणात गेलेली बाई एकच. पोरीने काय समजायचं ते समजून घेतलं. घरी आल्यावर ढाल फडताळात मागे ठेवली, जेवायला बसली आणि भाकरीचा तुकडा हातात धरून मला म्हणाली, "आप्पा, आई मागं वळली न्हाई?"

तुमच्याच ओळी आहेत, तुम्हाला पाठ असतील. तरी लिहितो.

दिवा हाती, पाणी पायी, मागे ना वळे;
उंबऱ्याशी वाट पाहे कोणी सावळे.

मी म्हटलं, अगं ती कविता आहे. ती म्हणाली, "पण मागं म्हंजी मी व्हते ना."

शेठ, तुमच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, आनंद आहे. लोक रडतात म्हणे वाचून. मला कविता कळत नाही असं समजू नका, बारावीपर्यंत शिकलो आहे आणि मराठीत बरे मार्क होते. पण तुम्ही सावळीला गुडघ्यापर्यंत वेणी दिलीत, त्या वेणीचं सांगतो. ती रत्नाची स्वतःची नव्हतीच. तिच्या झुंबरआत्याचं गंगावन होतं. कॉलेजात जाताना लावायची आणि घरी आल्यावर खुंटीला टांगायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला हे हसत सांगितलं, आणि एक शेठचा मुलगा त्या वेणीवर कविता करतो हेही सांगितलं. लपवून ठेवायची तिला सवय नव्हती.

तर माझं मागणं एवढंच. तुम्ही या, नाहीतर आरतीला पत्र लिहा, की हे सगळं मनचं आहे. आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे असं शेठ म्हणाले. त्यातून 'मागे ना वळे' एवढे शब्द काढा. बाकी वेणी, दिवा, सावळा माणूस, सगळं राहू द्या.

गोरख
(रत्नाचा नवरा)


मढ, २१ मार्च

संयमशेठ,

उत्तर आलं. अक्षर सुंदर आहे तुमचं.

तुम्ही लिहिता की सावळी म्हणजे रत्ना नव्हे, सावळी ही तुमच्या स्वप्नातली स्त्री आहे आणि स्वप्नातल्या स्त्रीला गाव नसतं. बरं. मग तिला आमचा उंबरा कशाला दिलात? तो माझ्या बापाच्या घराचा उंबरा आहे. धरण झालं तेव्हा वासे, कौलं, दारं काढून वर आणली, दगडाचा उंबरा तेवढा तिथेच राहिला. स्वप्नात एवढे उंबरे असताना तुम्हाला नेमका तोच सापडावा, याला काय म्हणायचं?

आणि तुम्ही लिहिता, ते तीन शब्द काढले तर शेवट कोसळेल. तिने मागे वळून पाहिलं तर ती सावळी राहत नाही, कुणीही बाई होते. हे वाचून मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि गुरांना पाणी पाजून आलो. कारण त्याच वेळी उत्तर लिहिलं असतं तर त्यात मी तुमच्या आईवडिलांनाही सोडलं नसतं.

कुणीही बाई. हो, तशीच होती ती. तुमच्या सावळीची पावलं कमळासारखी आहेत. रत्नाच्या पायांना दर आवणीत चिखल्या व्हायच्या. भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्या सडायच्या, मी मेंदी वाटून भरायचो. ती पाय माझ्या मांडीवर ठेवून मलाच शिव्या द्यायची, हळू भर म्हणून. आवाज असा की पलीकडच्या वाडीतल्या माणसाला हाक मारायला तिला फोन लागायचा नाही. आळेफाट्याला गेलो की गोडीशेव आणल्याशिवाय घरात घ्यायची नाही. यातलं काही तुमच्या काव्यात बसत नाही, मला कळतं ते.

इकडची हकिकत अशी. पाणी उतरलं आहे. धरणाचं पाणी जसं मागे हटतं तसा आमच्याकडे गाळ उघडा पडतो आणि त्यात आम्ही भुईमूग, काकडी पेरतो. गाळपेर म्हणतात त्याला. ज्याचं जुनं घर जिथे होतं तो तुकडा त्याने करायचा, अशी जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत आहे. उंबरा उघडा पडला की आपला तुकडा सुरू झाला, दगडाची खूण वेगळी लागत नाही. गोष्ट मढची असल्याचं आता पसरलं आहे, म्हणून यंदा उंबरा उघडा पडल्यापासून तुमचे वाचक येतात. जोडीने येतात. उंबऱ्यावर पणती ठेवतात, फोटो काढतात, भिमाजीची काकडी तुडवून जातात. भिमाजी शेजारच्या तुकड्याचा. तो परवा एका जोडप्याला म्हणाला, "राव, प्रेम करा, पर वाफ्यातून चालू नका."

भिमाजी माझ्याही मागे लागला आहे. आमच्या तुकड्यात जुन्या वाडीचा आड आहे. गाळाने भरलेला, पण आत दलदल, वरून नुसती कोरडी खपली. नवख्याला जमीनच वाटते. पाणी उतरलं की सगळ्यात आधी त्या आडावर बांबूची काठी रोवायची आणि वर चिंधी बांधायची, हे ज्याच्या तुकड्यात आड त्याचं काम. रत्ना गेल्यापासून मी तो तुकडा पेरत नाही आणि काठीही लावत नाही. गावच्या माणसांना आड ठाऊक आहे. पण भिमाजी म्हणतो, "गोरख, काठी लाव. ही फोटोवाली पोरं यायला लागल्यात, येखादं जाईल आत." त्याचं खरं आहे. काठी आमच्या घरात आढ्याला लावलेली आहे. माझा हात वर जात नाही.

आरती रोज शाळेतून आली की उंबऱ्यावर जाऊन बसते. तुमचं पुस्तक घेऊन. मी म्हटलं, कशाला बसतेस? म्हणाली, "आप्पा, त्या पुस्तकातली आई लई सुंदर हाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पर तिला मी नकोच व्हते."

तुमच्या स्वप्नाचं तुम्ही काय करायचं ते करा. माझ्या पोरीला तिच्या आईला ती हवी होती, एवढं कुणीतरी पटवून द्यायला हवं. माझं ती ऐकत नाही. मी बाप, मी बरं तेच सांगणार, असं तिला वाटतं. तुमचं छापलेलं आहे.

गोरख


मढ, ९ एप्रिल

संयमभाऊ,

या खेपेला तुमचं पत्र आखूड आहे आणि त्यात खाडाखोड आहे. मला ते आधीच्यापेक्षा बरं वाटलं. तुम्ही विचारता, त्या संध्याकाळी नक्की काय झालं. आजवर तुम्ही ते विचारलंच नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही कुणाकडून ऐकलंत? दुकानात कुणी बोललं असेल, मढची रत्ना धरणात गेली, अंधार पडताना तिच्या हातात उजेड दिसत होता. तेवढ्यावर तुम्ही एवढं पुस्तक बांधलंत. पाया बघितला तर दोन वाक्यांचा.

लिहितो. पोलिसांना सांगितलं त्यानंतर आज पहिल्यांदाच.

जूनचा महिना होता. आमच्याकडे थेंब नाही, पण घाटाकडे दुपारपासून काळं झालेलं. घाटाकडे पडला की धरण चढतं, आणि चढायला लागलं की बघता बघता चढतं. त्या दिवशी सगळी वाडी खाली उतरते. मोटारी, पाईप, केबल, गोण्या, जे असेल ते वर आणायचं. आमची मोटार मी आणि भिमाजी उचलून पिकअपमध्ये चढवत होतो. रत्ना पाईप गुंडाळत होती. आडावरची काठी तिने स्वतः उपटली. दर साली तीच उपटायची, कारण राहिली तर पाण्याबरोबर जाते आणि पुन्हा चांगला बांबू शोधत फिरावं लागतं. काठी खांद्यावर टाकून ती वर आली, पिकअपला टेकवली, आणि पाईप मोजताना तिच्या ध्यानात आलं की मोटारीचा फूटव्हॉल पाण्यातच राहिला. पाईपच्या टोकाला जाळीचा असतो तो, पाणी ओढायचा. नवा घेतला होता त्याच साली.

ती बॅटरी घेऊन खाली गेली. तुमचा दिवा म्हणजे ती बॅटरी. दोन सेलची, काच फुटलेली, रबराने बांधलेली.

गुडघाभर पाणी आलं होतं. पाणी असूनही काठी असती, तर ती आड टाळून डोळे मिटूनही पलीकडे गेली असती. काठी नसली तरी पाणी नसतं, तर उंबरा बघून पलीकडे गेली असती. पाणी चढणं आणि काठी नसणं, दोन्ही एकदम व्हायला नको होतं. उंबऱ्याच्या अंदाजाने चालली असणार, आणि उंबराही पाण्याखाली. पिकअप सुरू होती, तिच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग भिमाजी म्हणाला, "बॅटरी कुठं गेली रं?"

असं आहे. प्रेमात नाही, रागात नाही. फूटव्हॉल आणायला गेली. तुम्हाला हे सहन होत नव्हतं म्हणून तुम्ही सावळी केलीत, असं तुम्ही आता लिहिलं आहे. मलाही होत नाही हो. माणूस जायचं तर त्याला काही कारण तरी असावं. तुम्हाला एक करून घेता आलं, मला तो व्हॉल मिळाला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबरच निघाला, तिच्या हातात.

ती मागे वळली का, असं तुम्ही विचारत नाही, पण तेच विचारायचं आहे तुम्हाला. वळली. माझी आई धोंडाबाई काठावर गोण्या राखत बसली होती, आरती तिच्या मांडीवर पेंगत होती. रत्ना उतारावरून वळून आईला ओरडून म्हणाली, "आत्याबाई, आरती जेवली न्हाई. तिला निजू दिऊ नका." तेच तिचं शेवटचं बोलणं. आई ते कधी कुणाला सांगत नाही आणि मीही नाही. जेवणखाणाचं बोलणं, रोजचं. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

आता एक माझ्यासाठी विचारतो, आरतीसाठी नाही. आमच्या भिंतीवर रत्नाचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. त्यात ती कुणाची तरी उधारी राहिल्यासारखी बघते. दुसरा फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली. तुमच्या पुस्तकात दुसऱ्या सर्गात सावळी हसते, तिथे तुम्ही लिहिलंय की ती हसताना आधी ओठ मिटून धरते, मग नाकातून हसू सुटतं, आणि मग तिचं तिलाच आवरत नाही. अगदी तशीच हसायची ती. पुस्तक मी रागाने चुलीत घालायला निघालो होतो, त्या पानामुळे घातलं नाही. ते पान मी आरतीच्या नकळत वाचतो. बाकी सगळं तुमच्या मनचं असू द्या. तेवढं हसणं खरं पाहिलेलं आहे ना? खोटं असलं तर कळवू नका.

गोरख


मढ, ४ मे

संयमभाऊ,

जुन्नरच्या स्टँडवर तुमची चप्पल तुटली आणि तुम्ही एक पाय उचलून एसटीमागे पळालात, तेव्हा ती हसली. आणि तुम्ही लिहिलेली कविता तिने परत देताना म्हणाली, "एवढं रडू नका, परीक्षा जवळ आली." त्यापलीकडे तुमचं तिच्याशी कधी धड बोलणंसुद्धा झालं नाही.

हे तुम्ही लिहून कळवलंत त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो, मग हसता हसता दुसरंच झालं. इतकी वर्षं मनात एक काटा होता, तुम्हाला विचारायचा धीर नव्हता, तो तुम्ही न विचारता काढलात.

तुम्ही लिहिता, आरती जेवली नाही या एका वाक्यावरून सगळं काव्य ओवाळून टाकीन. टाकू नका. लोकांनी पुरस्कार दिलाय. पण ते वाक्य आरतीला सांगा, असं तुम्ही बजावून लिहिलंत, म्हणून मी सांगितलं.

हिरड्याचा हंगाम चालू आहे. मी झाडावर, ती खाली चादर धरून. वरूनच सांगितलं, तोंड दिसणार नाही म्हणून. सगळं सांगितलं, काठी, बॅटरी, फूटव्हॉल आणि तिची आई जाताना वळून काय म्हणाली ते. उतरून बघतो तर चादर तशीच पसरलेली आणि ही घराकडे निघालेली. संध्याकाळी आजीला म्हणाली, "फूटव्हॉलसाठी? माझी आई फूटव्हॉलसाठी मेली?" आजी म्हणाली, "व्हय बाळा." त्यावर ती म्हणाली, "तुमी दोघं खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हणून जेवायचं सांगताय."

बघा आता. खोटं होतं ते तिला खरं वाटलं, आणि खरं होतं ते सोयीचं वाटतं. तुमच्या शब्दाला वजन, आमचा हलका. माझ्याशी बोलायची बंद झाली आहे. ताट वाढते, समोर ठेवते आणि निघून जाते. रत्ना गेली तेव्हा हिच्यामुळे मी उभा राहिलो. हीसुद्धा त्या पुस्तकात निघून गेली तर माझ्यापाशी काही उरत नाही, हे मी तुम्हाला लपवून ठेवत नाही.

तुम्ही या. भाषण नको, पुस्तक नको. नुसते या.

गोरख


मढ, २९ जून

संयम,

तुम्ही येऊन गेलात आणि मी नेमका आळेफाट्याला जळलेली मोटार दुरुस्त करून आणायला गेलेलो. फोन करून आला असतात तर! पण तुम्ही फोनचे माणूस नाही. मी आलो तेव्हा तुम्ही निघून गेला होतात, दिवे लागायची वेळ झाली होती. आईने सांगितलं तसं लिहितो. तुम्हाला यातलं निम्मं ठाऊक आहे, पण निम्मं ठाऊक नाही.

आई म्हणाली, पावणं आलं, चहा घेतला, आरतीने नाव विचारलं आणि नाव ऐकून उठून चालायला लागली. तुम्ही तिच्या मागून, आणि तुमच्या मागे आई. उंबऱ्यापाशी गेल्यावर तिने तुम्हाला विचारलं, "तुमी व्हता का हितं, त्या दिवशी?" तुम्ही म्हणालात, नाही. "कंदी आला व्हता हितं?" तुम्ही म्हणालात, आजच पहिल्यांदा. मग ती म्हणाली, "मग आई मागं वळली न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं?"

आई म्हणते, पावण्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, नुसते बघत राहिले. बरं केलंत. काही बोलला असतात तर ते पुन्हा सुंदरच झालं असतं.

आणि मग तुम्ही पाण्याकडे जायला निघालात. आडावरून. आरतीने धावत जाऊन तुमची बाही धरली, ती उसवली म्हणे खांद्यात. "तिथं आड हाय," ती म्हणाली. तुम्ही खाली बघितलंत आणि तुम्हाला कोरडी जमीनच दिसली. त्या जागेवर तुम्ही एवढे सर्ग लिहिलेत, आणि तिथे आड आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. यात तुम्हाला टोचून बोलायचा हेतू नाही. मला वाटतं, आरतीला तेव्हा कळलं. पुस्तकात आड नाही. ज्या पुस्तकात आड नाही त्यात तिची आई कशी असेल?

तुम्ही आईच्या हातची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर खाऊन गेलात. तुम्ही गेल्यावर आरतीने आजीजवळ बसून विचारलं, "आजी, मी जेवले का त्या दिवशी?" आई तिला खोटं सांगत नाही. म्हणाली, "न्हाई. तू निजलीस. तुला उठवायला कुणाला शुद्ध व्हती?" पोरगी खूप रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग फडताळावर चढली आणि आढ्याची काठी काढली.

मी आलो तेव्हा ती आडावर होती. काठी निम्मी रोवलेली, वर खताच्या गोणीची पिवळी चिंधी. मला म्हणाली, "आप्पा, जरा धरा, हलतीय." बोलली. मी काठी धरली आणि तिने दगडाने ठोकली. तो बांबू शेवटचा रत्नाने उपटला होता, म्हणून इतकी वर्षं मी त्याला भीत होतो. हातात घेतल्यावर नुसता बांबू होता. मग आम्ही दोघं घरी गेलो आणि जेवलो.

परवा घाटाकडे पाऊस लागला. वाडी खाली उतरली. मोटारी, पाईप, सगळं वर निघालं. भिमाजी रीतीप्रमाणे काठी उपटायला गेला तर आरती आडवी उभी राहिली. "काठी काढायची न्हाई." भिमाजी म्हणाला, "अगं, वाहून जाईल." ती म्हणाली, "जाऊ द्या. दुसरी आणू. पाणी असतानाच तर तिचं काम हाय." आपली वाडी जुनी, सगळी शहाणी माणसं, आणि हे आमच्या कुणाच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. भिमाजीने टोपी काढून डोकं खाजवलं आणि स्वतःच दोन दगड तिच्या बुडाशी आणून टाकले.

दुसऱ्या आवृत्तीत ते तीन शब्द गाळतो आहे, असा निरोप तुम्ही आईजवळ ठेवलात. गाळू नका. मी पहिल्या पत्रात मागितलं होतं, ते मागे घेतो. ती तुमची बाई आहे, तिला जाऊ द्या सरळ, तिचं तिला तसंच शोभतं. आमची वळली होती. तुमची वळवून आमचीला आता काही मिळायचं नाही. हसण्याचं पान मात्र जसं आहे तसं ठेवा, त्याची शाईसुद्धा बदलू नका.

काल एक जोडपं आलं होतं, पुण्याचं. पाऊस भुरभुरत होता, पोरीच्या हातात तुमचं पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. उंबरा पाण्याखाली गेलाय, आता दिसते ती फक्त काठी, पाण्यातून वर आलेली, आणि पिवळी चिंधी. आरती शेरडं घेऊन काठावर होती. त्या मुलीने तिला विचारलं, सावळी इथूनच गेली का? आणि ती काठी तिच्या आठवणीची आहे का? मी मागे बांधावर होतो, मला वाटलं आता ही रडेल नाहीतर पळून जाईल.

तिने नीट उत्तर दिलं. म्हणाली, "सावळी मला ठावं न्हाई. हितं माझी आई मोटारीचा फूटव्हॉल काढाया गेली व्हती. तिथं आड हाय ताई, पुढं जाऊ नका. आनि तुमी जेवलाय का?"

गोरख